कापलेली नावे : ‘सायको’च्या श्रेयनामावलीविषयी

आमच्या वडिलांचा एक दंडक होता. चित्रपटाला जायचे तर ‘नावे पडायच्या आत’ खुर्चीत बसलेले असायचे. जाहिरातींच्या स्लाइड्स चुकल्या तरी चालतील, न्यूजरील चुकली तरी हरकत नाही. पण नावे चुकली की चित्रपट पाहिला असे म्हणायचे नाही. वडील कचेरीतले साधे कारकून. चित्रपटकलेचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. पण कॅमेरा कोणाचा, गाणी कोणाची, संवाद कोणाचे हे समजल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाचा आनंद घेणे त्यांना उधारीचे वाटत असावे. आम्हा भावंडांचा त्यात वेगळाच स्वार्थ होता. पडद्यावरची नावे कोण आधी वाचतो याची पैज लागे. मराठी चित्रपटाची नावे देवनागरीत, हिंदीची बहुधा इंग्रजीत आणि कन्नड चित्रपटाची कन्नडमध्ये. कन्नड अक्षरांची माझी पहिली ओळख शाळेतल्या फळ्यावर झाली नाही, ती अंधारात पडद्यावर झाली.

हे आठवायचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून नातू सुटीला आला होता. एका रात्री त्याला म्हटले, चल, तुला एक जुना भयपट दाखवतो. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ लावला. पडद्यावर पहिल्या पट्ट्या सरकू लागल्या, व्हायोलिन्स सुरू झाली, आणि चिरंजीवांनी सराईत अंगठ्याने चित्र पुढे पळवले. मी ओरडलो, तर म्हणाला, “आजोबा, नुसती नावंच तर आहेत!”

मी त्याच्या हातून रिमोट घेतला आणि चित्र मागे आणले. पण त्याला समजेल असे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते नीट द्यावे म्हणून हा लेख. ‘सायको’ १९६० सालचा. त्याचे रहस्य एव्हाना जगजाहीर झाले आहे; तरीही ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग या पानाकडे वळावे, कारण पुढे काही झाकून ठेवलेले नाही.

*

श्रेयनामावली ही पाहण्याची गोष्ट आहे हे चित्रपटसृष्टीला उशिराच सुचले. अमेरिकेतल्या कित्येक चित्रपटगृहांत नावे सुरू होत तेव्हा पडद्यापुढचा मखमली पडदा अजून बाजूला सरकलेलाही नसे. नावे त्या कापडाच्या चुण्यांवरच पडत. सॉल बास (१९२०–१९९६) हा जाहिरातकलेतून आलेला माणूस. ऑटो प्रेमिंजरच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटासाठी त्याने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या हलवल्या आणि शेवटी त्यांतून एक वाकडातिकडा, पिळवटलेला हात बाहेर काढला. व्यसनाधीन माणसाची ती कथा होती. त्या चित्रपटाच्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी सूचना होती, की नावे सुरू होण्याआधी पडदा सारावा. एवढीशी चिठ्ठी, पण श्रेयनामावलीला चित्रपटाचा भाग म्हणून मिळालेली ती मान्यताच म्हणायची.

हिचकॉकसाठी बासने ओळीने तीन चित्रपटांची नामावली केली : ‘व्हर्टिगो’ (१९५८), ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) आणि ‘सायको’ (१९६०). तिन्हींना संगीत एकाच माणसाचे, बर्नार्ड हरमनचे. पहिल्या दोन रंगीत आहेत आणि दिसायला अधिक देखण्या आहेत. ‘सायको’ची मात्र काळी-करडी, रुक्ष, जवळजवळ दरिद्री. तरीही तिघींत थोर कोणती असे विचारले तर मी तिसरीकडे बोट दाखवीन.

ही नामावली जेमतेम दोन मिनिटांची. तीत माणूस नाही, घर नाही, सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही. आहेत त्या फक्त पट्ट्या. कधी आडव्या, कधी उभ्या. त्या एका बाजूने धावत येतात, पडदा भरून टाकतात, निघून जातात. त्यांच्याबरोबर अक्षरांचे काही तुकडे येतात. आधी काहीच लागत नाही. मग तुकडे एकमेकांच्या रेषेत येतात आणि क्षणभर नाव वाचता येते. वाचले न वाचले तोच पुन्हा पट्ट्या येऊन ते पुसून नेतात. चित्रपटाचे शीर्षक मात्र नुसते पुसले जात नाही. तो शब्द आडवा कापला जातो, त्याचे काप डावी-उजवीकडे हिसके खातात, आणि मगच तो जातो. सर्वांत शेवटी दिग्दर्शकाचे नाव येते. त्याचीही तीच गत.

हे कसे केले तेही सांगण्यासारखे आहे. बासच्या आराखड्यावर प्रत्यक्ष काम हॅरल्ड ॲडलर यांनी केले. पांढऱ्या रंगवलेल्या मोठ्या लाकडी फळीवर सहा-सहा फूट लांबीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काळ्या रंगवून ठेवायच्या, हाताने किंचित सरकवायच्या, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या. नावांचे आडवे तीन तुकडे करून ते वेगवेगळ्या गतीने हलवायचे. संगणक नव्हता; सुताराचे वाटावे असे काम होते. पट्ट्यांच्या त्या धावपळीत एक खडबडीत, हट्टी जोर आहे तो त्यामुळेच असावा.

वर हरमनचे संगीत. संपूर्ण चित्रपटासाठी त्याने केवळ तंतुवाद्ये घेतली. फुंकीचे वाद्य नाही, तालवाद्य नाही. चित्र कृष्णधवल, तर संगीतही एकाच जातीच्या वाद्यांचे. नामावलीखालची धून पळणाऱ्या माणसाच्या छातीसारखी धडधडते. पट्ट्या धावतात आणि व्हायोलिन्स त्यांच्या पाठी लागतात. कोण कोणाचा पाठलाग करते आहे हे मात्र कळत नाही.

*

आता शंका अशी येईल की, पट्ट्या कुठल्याही रहस्यपटाला लावल्या तरी चालल्या असत्या. ‘सायको’शी त्यांचे खास नाते ते काय? शंका रास्त आहे. सजावट आणि कला यांतला फरक इथेच कळतो. सजावट उचलून दुसरीकडे ठेवता येते. म्हणून या पट्ट्या पुढच्या चित्रपटात कुठे सापडतात का, ते पाहू.

शेवटच्या उभ्या पट्ट्या विरतात त्या एका शहरावर. फिनिक्स, ॲरिझोना. शुक्रवार, ११ डिसेंबर. दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे. ही अक्षरेही पट्ट्यांसारखीच बाजूंनी सरकत येतात. म्हणजे नामावली संपली असे आपण म्हणतो तेव्हा ती संपलेली नसते. कॅमेरा इमारतींवरून फिरत एका हॉटेलची खिडकी निवडतो. खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा आहे आणि तो खालून थोडा उघडा आहे. त्या फटीतून कॅमेरा, आणि त्याच्याबरोबर आपणही, आत शिरतो. दुसऱ्याच्या खोलीत चोरून डोकावणारी पहिली व्यक्ती नॉर्मन बेट्स नाही. ती आपण आहोत. आणि डोकावताना ज्या पट्ट्या ओलांडल्या त्या थोड्या वेळापूर्वी नावे कापत होत्या.

पुढे मेरिअन क्रेन मालकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन मोटारीने पळते. इथे एक गोष्ट नीट ऐकावी. नामावलीची धून तिच्या प्रवासावर पुन्हा वाजू लागते. एरवी भयपटात सुरुवातीचे संगीत हे खुन्याचे किंवा भुताचे संगीत असते. इथे ते चोरी केलेल्या एका साध्या नोकरदार बाईचे निघते. मोटारीत काही घडत नाही. ती नुसती पुढे पाहते, समोरून दिवे येतात, पाऊस लागतो, काचेवर पाण्याच्या रेघा उतरतात आणि वायपर त्या पुसत राहतो. नामावलीतही असेच एक पुसणे चालले होते, हे इथे आठवते.

पाऊस थांबत नाही म्हणून ती ज्या आडवाटेच्या मोटेलपाशी पोचते त्याची रचना पाहा. मोटेल बसके, लांबलचक, आडवे. मागे टेकाडावर घर, उंच आणि उभे. फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने स्वतःच सांगितले आहे की, एक उभा ठोकळा आणि एक आडवा ठोकळा अशी ती रचना त्याला हवी होती. आडवे ते धंद्याचे, लोकांना दाखवायचे. उभे ते घराचे, आईचे, लपवायचे. नॉर्मनचे सारे आयुष्य या दोन रेषांमधल्या पायवाटेवर ये-जा करण्यात गेले आहे. नामावलीत आडव्या पट्ट्यांमागून उभ्या आणि उभ्यांमागून आडव्या का येतात, याला याहून अधिक भाष्य लागू नये.

आणि तो प्रसिद्ध न्हाणीघरातला प्रसंग. सुरी आणि शरीर यांची भेट जवळजवळ दाखवलेलीच नाही. पाऊण मिनिटाच्या आसपास छोट्या छोट्या तुकड्यांचा मारा होतो : हात, तोंड, पाण्याच्या रेघा, फरशी. कापण्याचे काम सुरी करीत नाही, जॉर्ज टोमासिनीचे संकलन करते. एका माणसाचे तुकडे होतात ते पडद्यावरच्या चित्रांचे तुकडे होऊन. तासाभरापूर्वी अक्षरांवर जे केले तेच आता चेहऱ्यावर केले जाते. बासने या प्रसंगाची चित्रफलकांवरची आखणीही केली होती, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे.

*

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पट्ट्यांपेक्षा पट्ट्यांखाली सापडलेले. म्हणजे नावे.

नामावलीचा क्रम पाहा. आधी अँथनी पर्किन्स, व्हेरा माइल्स, जॉन गॅव्हिन. मग इतर. आणि नटनट्यांच्या अगदी शेवटी एक नाव वेगळ्या थाटात येते : मेरिअन क्रेनच्या भूमिकेत जॅनेट ली. भूमिकेचे नाव देण्याचा मान एवढ्या साऱ्यांत तिलाच. १९६० सालच्या प्रेक्षकाला ली ही मोठी तारका म्हणून माहीत होती. चित्रपट तिचाच, अशी त्याची खात्री असणार. आणि ही बाई निम्मा चित्रपट होण्याआधीच मरते. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियम हिचकॉकने तेव्हा अमेरिकेतल्या चित्रपटगृहांना घालून दिला होता. उशिरा येणारा माणूस जॅनेट ली केव्हा दिसते याची वाट पाहत बसेल, हे त्याचे कारण. (माझ्या वडिलांना हा नियम फार आवडला असता.) तर ते शेवटचे, मानाचे, भूमिकेच्या नावासह आलेले नाव म्हणजे सन्मान आहे तसाच तो सापळाही आहे. पण तो खोटेपणा नव्हे. नाव टिकत नाही, हे पट्ट्या त्याच वेळी उघड सांगत असतात.

आता पुढे चला. मेरिअन मोटेलच्या रजिस्टरमध्ये सही करते ती स्वतःच्या नावाने नाही. ती ‘मेरी सॅम्युएल्स’ असे लिहिते. तिच्या प्रियकराचे नाव सॅम. म्हणजे पळणाऱ्या बाईने आपल्या नावाचा एक तुकडा आणि त्याच्या नावाचा एक तुकडा जोडून तिसरेच नाव तयार केले. थोड्या वेळाने गप्पांच्या ओघात ती नॉर्मनला आपले खरे आडनाव सांगून बसते, आणि ती खोलीकडे गेल्यावर तो रजिस्टर उघडून पाहतो. पुढे गुप्तहेर आर्बोगास्टला धागा सापडतो तोही या रजिस्टरमधल्या हस्ताक्षरावरून. आणि नॉर्मन? त्याचे तर नाव एक आणि आतली माणसे दोन. तुकडे एका रेषेत येतात तोवर तो एक सालस, लाजाळू तरुण म्हणून वाचता येतो. रेषा हलली की वाचता येत नाही.

म्हणजे ‘नुसती नावंच तर आहेत’ हे नातवाचे वाक्य बरोबरच होते. हा चित्रपट नावांचाच आहे. माणूस आपल्या नावात पुरता मावत नाही, आणि जोराचा धक्का बसला की नाव व माणूस यांचे सांधे निखळतात, ही गोष्ट कथा सुरू होण्याआधी बासने अक्षरांच्या भाषेत सांगून टाकली होती. आपल्या सीमेवरच्या वाचकाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिसरे नाव असलेला, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना एखादी वेलांटी गमावून बसलेला आणि ‘तो मीच’ हे कचेरीत सिद्ध करीत हिंडणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. आपले सांधे इतके निखळत नाहीत, एवढेच.

*

इथवर स्तुती झाली. आता तक्रार. ती नामावलीविषयी नाही, चित्रपटाच्या शेवटाविषयी आहे.

नॉर्मन पकडला जातो आणि मग एक मनोविकारतज्ज्ञ उभा राहून सारे समजावून देतो : मुलगा कोण, आई कोण, केव्हा कोणाचा ताबा, कशामुळे. सायमन ओकलंडने ते काम ठसक्यात केले आहे, पण त्या मिनिटांत चित्रपट शाळेच्या वर्गासारखा होतो. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी डकवली जाते. १९६० सालच्या प्रेक्षकाला असे स्पष्टीकरण हवे होते, असा बचाव करता येईल. तो खराही असेल. तरीही ज्याने सुरुवातीची दोन मिनिटे नीट पाहिली आहेत त्याला हे भाषण उणे वाटल्यावाचून राहत नाही. नामावली म्हणत होती, तुकडे क्षणभरच जुळतात. तज्ज्ञ म्हणतो, हे पाहा, मी ते कायमचे जुळवून दिले. पहिल्या दोन मिनिटांना जे कळले होते ते या शेवटच्या मिनिटांना कळलेले नाही.

हिचकॉकला याची जाणीव असावी. कारण भाषणावर चित्रपट संपत नाही. त्यानंतर भिंतीशी बसलेला नॉर्मन येतो, ओठ मिटलेले आणि आवाज आईचा. त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर क्षणभर कवटीचे दात उमटतात, आणि चिखलातून मोटार ओढली जाऊ लागते. चेहऱ्याखालून दुसरा चेहरा. तज्ज्ञाच्या चिठ्ठ्या पुन्हा पुसल्या गेल्या. शेवटच्या क्षणी चित्रपट आपल्या नामावलीकडे परत आला, असेच मला वाटते.

बासच्या पट्ट्यांची नक्कल करता येते, हेही सिद्ध झालेले आहे. १९९८ साली गस व्हॅन सँटने ‘सायको’ जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा केला, रंगात. पट्ट्या त्याच, फक्त हिरव्या. संगीत तेच. आणि तरी ती नामावली मनात राहत नाही. वचन तेच असले तरी ते पाळणारा पुढे भेटावा लागतो.

*

एक गोष्ट राहिली, आणि ती श्रेयनामावलीच्या मुळाशी जाणारी आहे. नामावलीत बासचे नाव आहे : श्रेयनामावलीची रचना आणि चित्रविषयक सल्ला. पुढे काही मुलाखतींतून त्याने सांगितले की, न्हाणीघराच्या प्रसंगाचे दिग्दर्शनही आपणच केले. जॅनेट लीने ते ठामपणे नाकारले. दिग्दर्शन हिचकॉकचेच होते, असे तिचे म्हणणे. दुसऱ्यांची नावे इतक्या कौशल्याने कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावापुढचे शब्द मात्र अपुरे वाटले. मला साक्ष लीची पटते. पण चित्रफलक बासचे होते आणि त्या प्रसंगाचा कापाकापीचा ठेका नामावलीच्या ठेक्याशी जुळतो, हेही डोळ्यांना दिसते. दिग्दर्शन एकाचे आणि कल्पनेचा धागा दुसऱ्याचा, असे असू शकते. त्या प्रसंगात लीच्या जागी काही चित्रणात उभी राहिलेली तरुणी किंवा आईचा आवाज देणारी माणसे, यांची तर नावेच पडद्यावर नाहीत. नावे पाहिल्याशिवाय बसायचे नाही, हा वडिलांचा दंडक म्हणूनच मला आज नुसता हट्ट वाटत नाही. जी नावे आहेत ती वाचली तरच जी नाहीत ती कोणती, हे विचारावेसे वाटते.

त्या रात्री नातवाने ‘सायको’ सुरुवातीपासून पाहिला, माझ्या भिडेखातर. नंतर बोलला काहीच नाही. न्हाणीघराचा दिवा मात्र रात्रभर चालू ठेवला. परवा त्याचा पुण्याहून फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला, “आजोबा, ‘व्हर्टिगो’ बघितला. त्यात नावं बाईच्या डोळ्यातून येतात. का हो?”

म्हटले, दिवाळीला ये, बसून पाहू.